आतून कडी लाव गं

१

त्या वर्षी सानपाड्यात चोरांनी नुसता उच्छाद मांडला होता, आणि तोही भरदिवसा. माणसं मार्केटात, बाया कामावर, पोरं शाळेत. जिने ओस पडले की चोर आरामात मजले चढायचे, कुठल्या दाराला कुलूप लोंबतंय ते बघायचे आणि कोयंडा उचकटून आत शिरायचे. कुणाचा टीव्ही गेला, कुणाची पितळेची भांडी गेली. एकाच्या घरून लोणच्याची बरणी गेली, तेव्हा चोराला लोणचं हवं होतं की बरणी, यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले.

तिसऱ्या मजल्यावरचा मानसिंग कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. पहाटे जायचा, गोणी वाहायचा, दुपार कलली की घरी. बायको गोजरा धान्य मार्केटात धान्य निवडायला जायची. ती सकाळचं सगळं आवरून निघायची आणि संध्याकाळी परतायची. दोघं मूळची पाटणकडची. घरात तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळे मधला सगळा वेळ घर बंद.

"भाईर कुलूप लावायचं म्हंजे चोराला हळदीकुंकवाचं बोलावणंच की," गोजरा म्हणाली. मग त्यांनी कुलूप काढून दाराला लॅच बसवला. लॅचचं बरं असतं. घरात कुणी आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही.

पण गोजराचं तेवढ्यावर भागलं नाही. घरात माणूस आहे असं चोराला वाटलं पाहिजे, म्हणून तिनं एक माणूसच तयार केलं. रविवारी वाशीच्या फुटपाथवरून एक फ्रॉक घेतला, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायला. दाराबाहेर काढून ठेवायला लहान मुलीच्या चपला घेतल्या. "मुलगी केवढी आहे ताई?" चपलावाल्यानं विचारलं.

"सात सरली," गोजरा म्हणाली. जरासुद्धा अडखळली नाही.

मानसिंगनं दुसरीकडे बघितलं. त्यांच्या लग्नाला जितकी वर्षं झाली होती, त्यात सात वर्षांची मुलगी सहज बसली असती.

२

मग रोजचं सुरू झालं. गोजरा पिशवी घेऊन बाहेर पडायची, लॅच ओढून घ्यायची आणि जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बंद दाराला सांगायची, "नंदू, आतून कडी लाव गं! आमी हाक मारल्याबिगर कुनाला दार उघडू नगंस!"

पूर्ण नाव राजनंदिनी. मानसिंगनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसलाच. "चोराला फसवायला एवढं मोठं नाव? बेबी म्हन, सोनी म्हन."

"ठेवायचंच तर बारकं कशापायी?" गोजरा म्हणाली. हे नाव तिनं आज शोधलेलं नाही, ते तिच्याकडे बरीच वर्षं पडून आहे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्याचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

समोरच्या दारातल्या वेणूबाई महाडकडच्या, वयानं मोठ्या, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारख्या. त्यांना सगळी गंमत माहीत होती. त्याही दार उघडून म्हणायच्या, "जा गो तू बिनघोर. तुज्या लेकीवर माजं ध्यान हाय." दोघी हसायच्या.

मानसिंगला त्या हसण्याचं फार अप्रूप होतं. शेवटच्या डॉक्टरनं हात टेकल्यापासून गोजरा घरात सावलीगत वावरायची. स्वयंपाक करायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. आता ती सकाळी हसत बाहेर पडते, संध्याकाळी हसत येते, हे बघून त्याला बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी दोघं बरोबर निघायची तेव्हा ती दाराला सूचना देत राहायची. दूध पी, गॅसला हात लावू नको, गॅलरीतून वाकू नको. तो चार पायऱ्या खाली जाऊन लाजल्यासारखा उभा राहायचा.

"तुमी पन सांगा की काय तरी," ती म्हणायची.

"चल गं, चोर बी कटाळून गेला आसंल."

त्यानं एकदाही ते नाव घेतलं नाही. कुणी ऐकलं तर काय म्हणेल, ही एक भीती. आणि एकदा तोंडात बसलं तर निघणार नाही, ही दुसरी. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

३

स्वयंपाकघरात एक लाकडी स्टूल होतं, माळ्यावरचे डबे काढायला. एक दिवस मानसिंग दुपारचा घरी आला, किल्ली फिरवली, तर दार अर्धंच उघडलं आणि कशाला तरी अडलं. हात घालून चाचपलं तर स्टूल. दाराच्या अगदी मागे, वरच्या कडीच्या खाली ठेवलेलं.

त्याला वाटलं, गोजरानं कशाला तरी घेतलं असेल. कडीला तेल घातलं असेल. तिचा हात काही तिथपर्यंत पोचत नाही. त्यानं स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि विसरून गेला.

चार दिवसांनी पुन्हा तेच. मग दोरीवरचा फ्रॉक एका दुपारी दोरीवर नव्हता. तो घडी करून गोजराच्या उशीवर ठेवलेला होता. घडी जरा वेडीवाकडी, एक बाही बाहेर राहिलेली. मानसिंग कॉटवर बसून त्या घडीकडे बघत राहिला. जायच्या घाईत गोजरा असा फ्रॉक काढते, घडी घालते, स्वतःच्या उशीवर ठेवते. त्याला भडभडून आलं. याबद्दल तिला काही विचारायचं नाही, असं त्यानं ठरवलं. काही गोष्टी बायकोच्या बायकोकडेच राहू द्याव्यात. त्यानं फ्रॉक होता तसाच उशीवर राहू दिला.

एवढ्यात आणखी एक गोष्ट व्हायला लागली होती. दाराशी येऊन त्यानं किल्ली घातली की फिरवायच्या आधीच वर कुठेतरी खट्ट असं वाजायचं. कडी सरकल्यासारखं. नवा लॅच आहे, बसायला वेळ लागतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. लॅच कमरेशी होता आणि आवाज डोक्याच्या वरून यायचा. तरी त्यानं स्वतःला ते सांगितलं आणि आपण ऐकूनही घेतलं.

४

गुरुवारचा बाजार बंद होता, दोघं घरी होती. गोजरानं चहा दिला आणि समोर बसून त्याच्याकडे बघत गालातल्या गालात हसायला लागली.

"काय गं?"

"काय न्हाय. वरनं दगडावानी दिसतासा, पर लई गोड हायसा."

"आज काय नवीन?"

"मला काय कळत न्हाय व्हय? तुमी दुपारचं येता, तो फ्रॉक काढता, घडी घालून माज्या उशीवर ठिवता. परवाच्याला मी तुमच्या आदी आली, तवा बी हुताच. मदीच कवातरी यिऊन ठिवून गेला आसाल, वळखलं मी. मी म्हनलं, बोलायचं न्हाय. लाजतासा तुमी."

मानसिंगच्या हातातली बशी तशीच राहिली. आपणही हो म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. एका शब्दात सगळं मिटलं असतं. पण त्याचं तोंड त्याच्या आधी बोललं.

"मी न्हाय. मला वाटलं, तूच."

गोजरा हसली. मग हसणं थांबलं. "आनि स्टूल?"

"ते बी तूच आसशील वाटलं."

खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. ती चार-पाच वेळा खाकरली आणि गप्प झाली. मानसिंग बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ती घाबरेल, मग आपण तिला जवळ घेऊ, धीर देऊ, असं त्याला वाटत होतं. धीर द्यायला शब्दही त्यानं जुळवले होते.

गोजरानं दाराकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. तिचे डोळे भरले.

"मग ती दिसभर उपाशीच ऱ्हाती व्हय?" ती म्हणाली.

५

मानसिंगची अक्कल मात्र शाबूत होती, आणि ती एकच सांगत होती: कुणाकडे तरी दुसरी किल्ली आहे. चोरच असला पाहिजे. आता असला कसला चोर, जो येतो, काही नेत नाही आणि कपड्यांच्या घड्या घालून जातो? असेल एखादा डोक्यानं गेलेला. त्यानं लॅच बदलला. नवी किल्ली एकच ठेवली, तीही स्वतःजवळ. चार दिवस गोजरा दार ओढून घेऊन जायची आणि संध्याकाळी तो दार उघडेल म्हणून यायची. त्या चारही दिवशी स्टूल दाराशी होतं.

गोजरानं वेगळंच सुरू केलं होतं. सकाळी जाताना ती ओट्यावर ताटलीत चतकोर भाकरी ठेवायची, वर तूप-साखर, त्यावर झाकण. दुपारी मानसिंग झाकण उचलायचा. भाकरी तशीच असायची, वरची साखर तेवढी गेलेली. मुंग्यांनी नेली असेल. त्या ओट्यावर त्याला एकही मुंगी दिसली नाही, पण मुंग्या काही थांबून राहत नाहीत, असंही त्यानं मनाशी म्हटलं.

त्याला दिवसाउजेडी स्वतःच्या घरात एकटं बसवेना. टीव्ही मोठ्यानं लावायचा, दाराकडे पाठ करायची नाही, आणि स्वयंपाकघराचा पडदा हलला की वारा कुठून येतोय ते शोधायचं. आणि या सगळ्यापेक्षा त्याला गोजराची भीती वाटत होती. तिला भीती वाटत नव्हती, याची. ती दाराशी आता पहिल्यासारखी मोठ्यानं ओरडत नसे. अगदी हळू बोलायची, दाराला ओठ लावून. चोराला ऐकू जाण्याचं कारणच उरलं नव्हतं. संध्याकाळी यायची ती पदरात शेंगा, फुटाणे, काहीतरी बांधूनच. नवऱ्याला विचारायची, "आज ऱ्हायली का गप नीट?"

एवढी माया करणारी बाई, त्याच्यासाठी अख्ख्या गावाशी भांडलेली. सासरचे दुसऱ्या लग्नाचं बोलले तेव्हा हिनं नाही, त्यानं घर सोडलं होतं, आणि ती बोचकं घेऊन त्याच्या मागून एसटीत चढली होती. ती आता एका बंद दाराच्या पलीकडे चालली आहे आणि आपण अलीकडे उभे आहोत, असं त्याला दिसत होतं. ती हातची गेली तर मुंबईत आणि गावात, कुठेच, त्याचं दुसरं कुणी नव्हतं.

६

म्हणून एका रात्री त्यानं तिला शपथ घातली. "उद्यापासनं हाक न्हाय. दाराशी बोलायचं न्हाय. माजं मेलेलं तोंड बगशील."

गोजरानं भिंतीकडे तोंड केलं. पहाटे निघताना त्यानं दोरीवरचा फ्रॉक गोळा करून माळ्यावर डब्यांच्या मागे टाकला. चपला पिशवीत घालून मार्केटात नेल्या. कुणाला तरी देऊन टाकायच्या होत्या. पण गाळ्यावर मागणाऱ्या बायका आल्या, त्यांच्या पोरी अनवाणी होत्या, तरी त्याचा हात पिशवीकडे गेला नाही. माथाडी टोळीची माणसं जिथे कपडे टांगतात, तिथल्या खुंटीला ती पिशवी दिवसभर लटकत राहिली.

त्या दिवशी ट्रक उशिरा लागले. सुटेपर्यंत संध्याकाळ झाली. धान्य मार्केटच्या गेटाशी गोजरा भेटली, आणि दोघं न बोलता चालत सानपाड्याला आली. सकाळी हाक न मारता निघाली होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

तिसऱ्या मजल्यावर माणसं जमली होती. वेणूबाई पुढे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दुपारपासून तुमच्या घरात कोन तरी रडतंय," त्या म्हणाल्या. "मला आधी वाटलं, टीव्ही. बाप्या मानूस रडतोय, मानसिंग."

दाराशी अनोळखी पुरुषाच्या चपला होत्या. लॅचच्या बाजूचं लाकूड पट्टी घालून उचकटलेलं होतं. मानसिंगनं दार ढकललं. ते हललं नाही. आतून वरची कडी होती.

"कोन हाय रं आत?"

"भाऊ!" आतून घोगरा, रडून बसलेला आवाज आला. "भाऊ, देवाशपथ काय नाय घेतलं. मला फक्त भायेर काढा. पोलीसला द्या, कायपन करा."

"कडी तुज्या बाजूनं हाय. उघड की!"

"कशी उघडू? ती बसलीय ना तिथं स्टूलावर. दाराशीच."

मानसिंगनं विचारलं, "कोन?"

"तुमची पोरगी."

चोर आतून बोलतच होता, इतक्या वेळानं माणसाचा आवाज ऐकल्यामुळे असेल. "मी घुसलो तेव्हा कोन नव्हतं. मागे वळलो तर कडी लागलेली. मी उठलो की ती पन उठते. मी बसलो की बसते. मारत नाय, काय नाय. नुसती बघते हो."

वरच्या मजल्यावरचा मधुकर पहार घेऊन आला होता. "मानसिंगभाऊ, तोडून टाकू या. बाजूला व्हा."

गोजरा दाराला पाठ लावून उभी राहिली. "न्हाय. आत पोर हाय. तिच्या अंगावर दार पडंल."

"वैनी, कुठली पोर? असं काय करता?"

"तिनं कडी लावली आसती तर ह्यो मुडदा आत आलाच नसता," गोजरा म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्त लागली. "आज तिला कुनी सांगितलंच न्हाय, कडी लाव म्हनून." मग ती वळली आणि दाराला म्हणाली, "नंदू, आई आली गं. उघड बाळा."

आत काही हललं नाही.

"मान हलवतेय," चोर म्हणाला. "नाय म्हनतेय."

"का? इचार तिला."

मग चोराचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हनते, बाबांनी सांगितलं तर."

मधुकरनं पहार फटीत घातली. मानसिंगनं ती धरली. दार फोडलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. पण पलीकडे कुणी असो वा नसो, गोजरा पुन्हा कधी त्याच्या बाजूला आली नसती, हे त्याला पक्कं कळलं होतं. त्यानं पहार मधुकरच्या हातात परत दिली, दाराजवळ गेला, आणि चार माणसांदेखत लाकडाला कपाळ टेकलं.

"नंदू," तो म्हणाला. त्यानं पुन्हा हाक मारली. "नंदू, बाळा, मी आलोय. बाबा. चुकलं माजं. दार उघड."

आत स्टूलाचे पाय फरशीवर करकरले. ते अंगाच्या जोरावर थोडं थोडं ढकलल्यासारखे वाजत होते. मग वर खट्ट झालं.

७

चोर बाहेर आला तो धावतच, अनवाणी, चाळिशीचा थोराड गडी, आणि मधुकरच्या गळ्यातच पडला. त्याला धरावं लागलं नाही. उलट तोच सगळ्यांना जिन्यावरून खाली ओढत होता. माणसं त्याच्या मागून गेली. वेणूबाईंनी आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

मानसिंग उंबऱ्याशीच होता. दार अर्धं उघडलं होतं, मागे स्टूल अडलं होतं. त्या फटीतून त्याला खोली दिसली, तिच्यापलीकडचा स्वयंपाकघराचा पडदा दिसला, आणि पडद्याखालून आत जाणारी दोन पावलं. लहान, दिवसभर फरशीवर वावरून काळी पडलेली. वर फ्रॉकचं टोक. एका अंगानं उन्हात विटलेलं, दुसऱ्या अंगानं नवं कोरं. पडदा स्थिर झाला.

गोजरा त्याला ओलांडून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला. "हात धू आदी," ती म्हणत होती. "किती गं मळवलंस." तिसरी ताटली काढल्याचा आवाज आला.

मानसिंग आत गेला नाही. पळून जावं, सरळ स्टँड गाठावा, असं त्याला एका क्षणी वाटलं, आणि तसा तो वळलाही.

"अवो, कुटं निघाला?" गोजराची हाक आली.

तो उभा राहिला. मग त्याच्या तोंडून निघालं ते खरंच होतं.

"चपला आनतो तिच्या. मार्केटात हायत, खुंटीला." आणि थोडं थांबून म्हणाला, "अनवानी हाय ती."

आत कुजबुज झाली. एक आवाज गोजराचा होता.

"मग तिला बी न्या संगं," गोजरा म्हणाली. "दिसभर कोंडून घातलंय लेकराला. येती म्हनतीय."

जिन्यात अजून दिवा लागला नव्हता. मानसिंगनं मागे बघितलं नाही. बघायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. त्यानं उजवा हात जरासा मागे आणि खाली धरला, बाजारात पोरं बरोबर असली की बापमाणसं धरतात तसा, आणि थांबला.

मग तो जिना उतरू लागला. कठड्याच्या बाजूला सरकून, एकेक पायरी, पावलं अगदी आखूड टाकत.